उताराचा तह

"एक नंबरवर घ्या ना काका. पेट्रोल तेच आहे."

"पेट्रोल तेच असेल. कट वेगळा आहे."

पंपवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग तीन नंबरच्या मशीनकडे. मशीनचं दार उघडं होतं आणि एक कारागीर आत डोकं घालून बसला होता. त्याची पाठ आणि बूट एवढंच दिसत होतं.

"अर्धा तास लागेल म्हणतोय."

"थांबतो."

"त्याचा अर्धा तास म्हणजे तास धरा."

"माहितीये. मीही दुरुस्तीच्याच धंद्यातला."

पंपवाला हसला आणि दुसऱ्या गाडीकडे गेला. तो मला ओळखतो. गाडी घेतल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, मी याच पंपावर, याच तीन नंबरला, गाडीचं तोंड रस्त्याकडे करून पेट्रोल भरतो. नोझल पहिल्यांदा टक् करून आपोआप बंद पडली, म्हणजे कट झाला, की थांबायचं. वर एक थेंब नाही. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. मधे जेवढे किलोमीटर झाले त्यांना आत गेलेल्या लिटरांनी भागायचं. येईल ते खरं ॲव्हरेज. मशीन बदललं की कट बदलतो, अर्धा-पाऊण लिटर इकडचं तिकडे होतं, आणि सगळी मेहनत पाण्यात.

गाडी हायब्रिड आहे. पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला बॅटरीवर चालणारी मोटर. ब्रेक लावला किंवा उतार लागला की चाकं उलट बॅटरीलाच वीज देतात. घेतली तेव्हा कंपनीच्या पुस्तिकेत लिटरला अठ्ठावीस लिहिलं होतं. मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टच्या आत पाटीवर 'आठ माणसं' लिहिलेलं असेल तर आठ माणसं वर गेलीच पाहिजेत, नाहीतर लोक मला फोन करायचे. तेव्हा अठ्ठावीस लिहिलं असेल तर अठ्ठावीस मिळायला हवेत, एवढं साधं माझं म्हणणं.

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. "त्या पुस्तिकेत गाडीला टेकून एक बाई उभी आहे. मी तशी दिसते का? मग गाडी तरी पुस्तिकेतल्यासारखी कशी चालेल?"

गाडीत स्टिअरिंगमागच्या छोट्या पडद्यावर ॲव्हरेज दिसतं, पण ते खरं नसतं. माझ्या गाडीचा पडदा दीड किलोमीटर वाढवून सांगतो. बायकोने त्याचं नाव भाट ठेवलं होतं. मालकाची स्तुती करणं हेच त्याचं काम, म्हणायची. भाट म्हणेल त्यातून दीड वजा केले की खरा आकडा. ती बरोबर असताना खरा आकडा बावीसच्या वर फारसा कधी गेला नाही. तिला एसी लागायचा. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर ती होती, तिथे मागे दिवसभर इस्त्रीची वाफ. बाहेर आल्यावर तिला गार वारा हवा असायचा. शिवाय गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं न नेलेले कोट, साड्या, पडदे मालक तिला वाटायला द्यायचा, ते डिकीत. आणि ते वाटायचे म्हणून दर दोन गल्ल्यांना थांबणं.

"एसीने लिटरमागे दोन किलोमीटर जातात," मी सांगायचो.

"आणि एसी बंद केला की मी वितळते. मला पुन्हा भरायला कुठल्या पंपावर नेणार?"

तिला जाऊन वर्ष होत आलं. तीन महिने इस्पितळात होती. दिवसा मी बसायचो, रात्री तिची धाकटी बहीण. मी सकाळी आत आलो की ती पहिलं विचारायची, "आज किती दिलं?" गाय किती दूध देते असं विचारावं तसं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं आमच्याकडे खरंच गोठा आहे. मी आकडा सांगायचो, ती डोळे मिटून मान हलवायची. एकदा म्हणाली, "अठ्ठावीस झाले की मात्र नक्की सांगा हं." त्याआधी अठ्ठाविसाशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. ते माझंच खूळ होतं. पण सांगा म्हणाली, आणि मी हो म्हणालो.

ती गेल्यावर आकडा वाढायला लागला. डिकी रिकामी, एसी बंद, वाटेत थांबणं नाही. तेवीस झाले, चोवीस झाले, पंचवीसही झाले. माणूस गेल्यावर सरासरी सुधारते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा पंचवीस आले तेव्हा मी पंपावरच पावतीच्या मागे दोनदा भागाकार करून बघितला. उत्तर बरोबर होतं. घरी येऊन चहा केला आणि निम्मा टाकून दिला.

पण मी सोडलं नाही. मुलीच्या गावाला जाऊन आलो, सपाट मोठ्या रस्त्याने, ट्रकच्या वेगाने, सगळ्यांचे हॉर्न ऐकत. आणि आज भाट म्हणत होता एकोणतीस पूर्णांक आठ. दीड वजा केले तरी अठ्ठावीसच्या वर. आता फक्त तीन नंबर सुरू व्हायचा, कट होईपर्यंत टाकी भरायची, आणि भागायचं. म्हणून मी थांबलो होतो.

तेवढ्यात फोन आला. धाकटी. म्हणजे माझी मेहुणी. बासष्टची आहे, पण आमच्या घरात ती धाकटीच.

"भाऊजी, कुठे आहात?"

"पंपावर."

"भरून झालं?"

"नाही अजून."

"मग नंतर भरलंत तर चालेल का? डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तिथे थेंब घालतात, मग तासभर काही दिसत नाही, सोबत माणूस आणा म्हणालेत. शेजारीण येणार होती, तिचा पाय मुरगळला. टॅक्सीवाला टेकडी म्हटलं की फोन ठेवतो."

"कधी जायचंय?"

"आत्ताच. सकाळपासून तुम्हाला फोन करू की नको करत बसले, त्यात वेळ गेला."

मी तीन नंबरकडे बघितलं. कारागिराने आतून एक नळी बाहेर काढून जमिनीवर ठेवली होती. नळी बाहेर आली म्हणजे काम वाढलं, हे मला कळतं. एक नंबर मोकळा होता. तिथे भरलं असतं तर आकडा खोटा झाला असता. न भरता टेकडीवर तिच्या घरी गेलो असतो तर आकडा खालीच आला असता. सहा किलोमीटरचा चढ, वळणावळणाचा. तिसरा मार्ग म्हणजे नाही म्हणायचं. खोटं कशाला बोलू, तोच पहिल्यांदा मनात आला.

"भाऊजी? आहात ना?"

"आलो," मी म्हणालो.

पंपवाला लांबून ओरडला, "काय काका, कंटाळलात?"

"येतो परत. तुझा माणूस नळी उलटी बसवेल, लक्ष ठेव."

बायको गेल्यापासून मी टेकडी चढलो नव्हतो. चढावर हायब्रिड असली तरी पेट्रोलच जातं. मी पाय हलका ठेवला, मागे दोन स्कूटरवाले चिडले, एकाने पुढे जाताना माझ्याकडे असं बघितलं की गाडीत कुणी मेलंय का. अर्ध्या चढावर पाण्याची टाकी आहे. तिथे भाट साडेएकोणतीसवर आला. वर पोचेपर्यंत एकोणतीस पूर्णांक चार. म्हणजे खरा आकडा अठ्ठावीसच्या खाली. येताना उतार होता, तेवढीच आशा.

धाकटी फाटकाशी उभी होती, हातात पर्स, काळा चष्मा आधीच डोळ्यांवर.

"मागे बसू?"

"मागे कशाला? मी काय टॅक्सीवाला आहे?"

"टॅक्सीवाले तरी कधीतरी येतात," ती पुढे बसत म्हणाली. "वर्ष झालं, या घराकडे तोंड केलं नाहीत. किती पेट्रोल वाचवलंत?"

याचं उत्तर आकड्यात होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मी गाडी वळवली. तिने चष्मा वर केला तेव्हा तिचे डोळे दिसले. खाली काळं, पापण्या सुजलेल्या.

"झोप लागते का गं?"

"कसली झोप. पहाटे जरा डोळा लागतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्याचा गजर. इस्पितळात रात्रभर जागायची सवय लागली ना, ती आता जातच नाही. ताईचं सलाईन संपलं का बघायला उठते अजून." मग लगेच म्हणाली, "किती उकडतंय हो." आणि हात पुढे करून तिने एसी लावला.

"टाकीपर्यंत," मी म्हणालो.

"काय टाकीपर्यंत?"

"एसी. टाकीपर्यंत चालू, तिथून खाली बंद."

"असं कुणी ठरवलंय?"

"तुझ्या बहिणीने आणि मी."

मग तिला सांगावं लागलं. दर रविवारी धाकटीकडून परतताना या उतारावर आमचं भांडण व्हायचं. माझं म्हणणं लिफ्टवाल्याचं होतं. लिफ्टला मागे एक वजन टांगलेलं असतं. लिफ्ट खाली येते तेव्हा ते वजन वर जातं, आणि मग लिफ्टला वर न्यायला तेच मदत करतं. दिलेलं परत मिळतं. तसंच चढावर दिलेलं पेट्रोल उतारावर वीज होऊन परत मिळतं, ते एसीत घालवायचं नाही. बायको म्हणायची, "तुम्हाला परत मिळतंय ना? मग त्यातलं थोडं मला द्या." शेवटी तह झाला. निम्मा उतार तिचा, निम्मा माझा. टाकीपर्यंत एसी, टाकीखाली काच उघडून हात बाहेर. सहा वर्षं दोघांनी तो पाळला. ती तर टाकी दिसली की स्वतःच बटण बंद करायची आणि माझ्याकडे बघायची, प्रामाणिकपणाचं बक्षीस मागितल्यासारखं.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं.

"बहीण माझी, पण तह तुमचा," ती म्हणाली. "मी सही केलेली नाही."

टाकी आली. मी बटणाकडे हात नेला. तिने माझ्या हातावर चापट मारली. चांगली जोरात, लहान मुलाने साखरेच्या डब्यात हात घातल्यावर मारतात तशी.

"भाऊजी, पुढे बघा. वळण आहे."

मी पुढे बघितलं. एसी चालूच राहिला. मनात म्हटलं, गेलं. आजचा दिवसच तसा आहे.

टाकीनंतर दोन वळणं गेली, आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. आधी कळलंच नाही काय ते. गाडी गप्प होती. टाकीच्या खाली गाडी नेहमी आवाज करायची, पेट्रोल न जाळता इंजिन नुसतं घूं करत फिरायचं. बायको म्हणायची, बघा, कण्हायला लागली. आज कण्हणं नव्हतं. पायथ्याच्या जरा आधी थोडं ऐकू आलं, तेवढंच. मी पडद्यावर बॅटरी बघितली. नेहमीसारखी गच्च भरलेली. आणि भाट एकोणतीस पूर्णांक सहावर. एसी बंद ठेवून जेवढा वाढायचा तेवढाच वाढला होता, एक दशांशही कमी नाही.

मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" धाकटी म्हणाली. "पंक्चर?"

"थांब जरा."

मला दोन मिनिटं लागली. लिफ्टच्या मागचं वजन कधी भरत नाही. ते टांगलेलंच असतं. बॅटरी भरते. अर्ध्या उतारात, टाकीपाशी ती भरून जायची. त्यापुढची वीज ठेवायला जागाच नव्हती. भरलेल्या बादलीखाली नळ सोडून ठेवावा तशी ती वाहून जायची, तेच ते घूं. टाकीच्या वर एसी लावला तर बॅटरीत जाणारं खर्च व्हायचं. टाकीच्या खाली लावला तर नाहीतरी वाया जाणारंच वापरलं जायचं. म्हणजे खालचा उतार फुकटाचा होता. आणि आम्ही तहात तोच बंद ठेवला होता.

मी धाकटीला समजावून सांगितलं. तिने मधेच बोट वर केलं.

"म्हणजे सहा वर्षं विकतचा वारा चालू ठेवलात आणि फुकटचा बंद."

"हो."

"आणि हे भांडून, तह करून ठरवलंत."

"दोघांनी मिळून."

तिला हसू आवरेना. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसली. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी गाडीत दोन माणसं हसत होती. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने वाकून आत बघितलं, आम्ही बरे आहोत ना म्हणून.

"ताई बरोबर होती म्हणजे," धाकटी म्हणाली.

"निम्मी. वरचा उतार मागितला ती चूक. खालचा मागायला हवा होता."

"तिला सांगायला हवं होतं हो हे. काय म्हणाली असती?"

"मला काही नाही. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं असतं. कोट घ्यायला आलेल्या माणसाला आधी आमचं गाढवपण ऐकावं लागलं असतं, मग कोट."

धाकटी खिडकीबाहेर बघायला लागली. मी गाडी सुरू केली. एसी तसाच ठेवला.

डॉक्टरकडे फार वेळ लागला नाही. डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारून बघितलं, नवीन थेंब लिहून दिले आणि झोपेचं काय ते बघा म्हणाले. धाकटी माझ्या कोपराला धरून बाहेर आली. तिला सगळं धुरकट दिसत होतं. "तुम्ही आत्ता चांगले दिसताय भाऊजी," ती म्हणाली, "सुरकुती एक नाही."

गाडी समोरच्याच गल्लीत उभी होती. गल्लीत सावली नावाला नव्हती. मी तिला बसवलं, एसी लावून दिला आणि पलीकडच्या दुकानातून थेंब घेऊन येतो म्हणालो. भाट साडेएकोणतीस दाखवत होता. म्हणजे खरे अठ्ठावीस, बरोब्बर. मी मनात रस्ता मांडला. इथून पंप सपाट रस्त्याने चार किलोमीटर, सिग्नल दोनच. तिला तसंच बरोबर न्यायचं, आधी तीन नंबरला टाकी भरायची, मग घरी सोडायचं. पुस्तिकेतला आकडा आजच हातात आला असता. दुकानात पुढे तीन माणसं होती आणि पहिल्याला सुटे हवे होते. मी या पायावरून त्या पायावर होत उभा राहिलो.

परत आलो तेव्हा धाकटी झोपली होती.

डुलकी नाही. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, मांडीवरची पर्स घसरून पायाशी पडलेली. श्वास लांब चालला होता. इस्पितळात मी तिला रात्री कधी बघितलं नाही, मी सकाळी यायचो तेव्हा ती खुर्चीत ताठ बसलेली असायची आणि सांगायची, ताईला दोनदा जाग आली, पाणी प्यायली. तिला झोपलेलं मी आज पहिल्यांदाच बघत होतो.

मी दार उघडून आत बसलो. दार आवाज न करता लावणं हा माझा धंदाच होता, तेवढं जमलं. आता निघायचं, एवढंच उरलं होतं. पण गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणलेला होता, येताना आम्ही त्या खड्ड्यांत कसे आदळलो ते मला आठवत होतं. तिथे ती उठलीच असती. आणि गाडी बंद करून बसलो असतो तर पाच मिनिटांत आत भट्टी झाली असती, तरीही उठली असती.

मी हात चाकावरून काढले.

बॅटरी थोडी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा गाडी हलकीशी थरथरली आणि मी श्वास रोखून तिच्याकडे बघितलं. तिने ओठ मिटले, पुन्हा उघडले. झोप मोडली नाही. इंजिन बंद पडलं. काही वेळाने पुन्हा सुरू झालं. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं. पेट्रोल जातं आणि किलोमीटर होत नाहीत. भाट एकोणतीस पूर्णांक चारवर आला. मग पूर्णांक तीनवर. पंपावरचा तो कारागीर एव्हाना नळी बसवून हात धूत असेल. मी वाऱ्याची जाळी थोडी वर वळवली, थेट तिच्या तोंडावर नको म्हणून.

एक माणूस गाडी घेऊन गल्लीत आला. माझ्या शेजारी थांबला आणि काचेतून हाताने किल्ली फिरवून दाखवली: निघताय का? जागा हवी होती त्याला. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने इंजिन चालू असल्याचं दाखवलं, भुवया वर केल्या. मी धाकटीकडे बोट केलं. त्याने वाकून बघितलं, मग हात वर केला आणि हॉर्न न वाजवता हळूहळू मागे मागे जात गल्लीबाहेर गेला.

इंजिन पुन्हा सुरू झालं. मी माझी सीट थोडी मागे सरकवली आणि पाय लांब केले.